बारा नंबरचा बिल्ला

साहेबांनी आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शटर ओढणं. त्यात विशेष काही नाही, रोजच ओढायचो. आमच्या कंपनीचं शटर डाव्या अंगाला अडतं, म्हणून एकानं उजवीकडून खाली खेचायचं आणि दुसऱ्यानं डावीकडून लाथ घालायची. खेचायचे साहेब, लाथ माझी. ज्या कंपनीचा मालक आणि मॅनेजर रोज संध्याकाळी वाकून शटर ओढतो आणि सत्तरी ओलांडलेला म्हातारा त्याला लाथा घालतो, ती कंपनी कशी चालत असेल ते तुम्हीच ओळखा. मी तोंडावर सांगायचो, "साहेब, तुमच्यासारखा वाईट मॅनेजर सोलापुरात झाला न्हाय आनि फुडं होनार बी न्हाय." ते हसून म्हणायचे, "खरंय काका. पण हा मान काढून घ्यायला लोक लई टपलेत, जपायला पाहिजे." त्या संध्याकाळी माझी नोकरी राहते का जाते हे एका ओळीवर टांगलेलं होतं, आणि ती ओळ साहेबांच्या डोक्यात होती. ते सांगतोच. पण आधी माणूस कळायला पाहिजे, नाहीतर ओळ कळून उपयोग नाही.

आमची कंपनी सॉफ्टवेअरची. म्हणजे काय ते मला विचारू नका. मी चौथी शिकलोय, तीही मास्तरांच्या दयेनं. मला एवढंच कळतं की हा माल डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी तो रोज बिघडतो. कंपनी आहे तो शेड पूर्वी चादरीच्या मागांचा. साहेबांच्या वडलांच्या काळात मी तिथं जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि माझी बायको तिथंच कांड्यांवर सूत भरायची. साहेब तेव्हा चड्डीत यायचे आणि रंगीत सुताच्या ढिगात झोपायचे. पुढं शिकले, पुण्याला कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत काही वर्षं राबले, आणि तिथला मॅनेजर लई वाईट निघाला म्हणून रागानं परत आले. वडील गेले होते, धंदा बसला होता. माग भंगारात गेले त्या दिवशी साहेब शेडच्या मधोमध उभे राहून तेलुगूत काहीतरी पुटपुटत होते; त्यांना रडू यायला लागलं की ते आपल्या घरच्या तेलुगूत जायचे. मग त्यांनी तिथं टेबलं मांडली, इंजिनियर पोरंपोरी आणली आणि मला म्हणाले, "काका, आता चांगलं मॅनेजमेंट कसं असतं ते पुण्याला दाखवू." पुणं अजून वाट बघतंय.

जुन्या कारखान्यातल्या चार वस्तू त्यांनी भंगारवाल्याला दिल्या नाहीत. घंटा, हजेरीची फळी, मी आणि माझी बायको. बायको चहा करायची आणि झाडलोट बघायची. मी काय करायचो ते अजून ठरायचंय. हजेरीची फळी म्हणजे लाकडी फळा, त्यावर दोन रांगा खिळ्यांच्या. डावीकडं गैरहजर, उजवीकडं हजर. प्रत्येकाचा पितळी बिल्ला, त्यावर नंबर. आल्यावर आपला बिल्ला डावीकडून काढून उजवीकडं लावायचा. माझा सात नंबर, बायकोचा बारा. इंजिनियर पोरं पहिल्या दिवशी फिदीफिदी हसली. एक म्हणाला, "सर, अंगठ्याचं मशीन मिळतं की हो." साहेब म्हणाले, "अंगठा तर निरक्षर लोक लावतात. तुम्ही शिकलेले ना?"

इथपर्यंत ठीक होतं. पण साहेबांचा नियम असा की सगळे बिल्ले उजवीकडं आल्याशिवाय मी घंटा द्यायची नाही, आणि घंटा झाल्याशिवाय कोणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्यांचं म्हणणं, "उभा ताणा अर्धा भरून कोणी माग चालवतो का?" आता आमच्यात एक पोरगी दुधनीहून रेल्वेनं यायची. गाडी वेळेवर आली तर तीच घाबरायची, कालची तर नव्हे म्हणून. तोवर सबंध कंपनी हात बांधून बसलेली. पोरं गाण्याच्या भेंड्या खेळायची, बायको दुसरा चहा टाकायची, आतल्या खोलीत पुण्याच्या पार्टीचा, म्हणजे आम्हाला काम देणाऱ्या कंपनीचा, फोन ओरडत असायचा आणि साहेब तो उचलून सांगायचे, "आमची एक बाई होटगी स्टेशनच्या पुढं आलीय, झालंच!" मग ती "बंदे, बंदे!" असं कानडीत ओरडत, म्हणजे आले आले म्हणत, पळत आत यायची, बिल्ला लावायची आणि मी घंटा द्यायचो. सगळे टाळ्या वाजवायचे. पोरीला आपण ऑलिम्पिक जिंकून आल्यासारखं वाटायचं. ती त्यानंतर जे काम करायची ते दोघांचं असायचं, हेही सांगितलं पाहिजे.

दुसरा नियम, दुसऱ्याचा बिल्ला लावायचा नाही. याला सवलत नाही. हा नियम थोरल्या मालकांपासूनचा, आणि तो माझ्यामुळं झाला. आमची लेक तान्ही होती तेव्हा एकदा हिला उशीर झाला, पोर तापानं फणफणली होती. मी गुपचूप बारा नंबर उजवीकडं लावला. पकडला गेलो. मालकांनी दोघांनाही घरी पाठवलं. ही रस्ताभर बोलली नाही, मग नव्या पेठेच्या तोंडाशी खुदकन हसली आणि म्हणाली, "माझ्यासाटी चोरी क्येली व्हय?" त्यानंतर तीस-चाळीस वर्षं मी कुणाच्या बिल्ल्याला हात लावला नाही.

साहेबांना काम मोजायचा लई नाद. पुण्यात म्हणे दर आठवड्याला काहीतरी मोजून तक्त्यावर चढवत. साहेबांना वाटलं आपणही मोजावं. कसं, ते ठाऊक नव्हतं. मग ते नव्या पेठेतून कापड मोजायचा लोखंडी मीटर घेऊन आले आणि म्हणाले, पोरांनी दिवसभर जे लिहिलं ते कागदावर छापा, चिकटवून लांब पट्टी करा, काका मोजतील. मी मोजलं. एका पोराचं सहा मीटर भरलं, दुधनीच्या पोरीचं हातभर. साहेबांनी सहा मीटरवाल्याचा टोपी-नारळ देऊन सत्कार केला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच्या सहा मीटरात जी भानगड झाली होती ती पोरीनं हातभरात निस्तरली. साहेबांनी दोन्ही पट्ट्या स्वतः पुन्हा मोजून बघितल्या. मग म्हणाले, "काका, कापडात असं न्हाय होत." मी म्हटलं, "होतं की. भोकाचं कापड बी लांब भरतंय." त्यांनी मीटर मला देऊन टाकला. घरी आहे, पडद्याला लावलाय.

पण सगळ्यात नामी गोष्ट त्यांच्या रागावण्याची. साहेबांना कुणाला रागावता यायचं नाही. पुण्याच्या मॅनेजरनं त्यांना चारचौघांत इतकं झापलेलं की त्यांनी शपथ घेतली होती, आपल्या हाताखालच्या माणसाला शब्द लावायचा नाही. आता शब्द लावल्याशिवाय कंपनी चालते का? मग त्यांनी लेकी बोले सुने लागे सुरू केलं. चूक पोरांची, बोलणी मला. शेडच्या मधोमध मला उभं करायचे आणि ओरडायचे, "काका, तुम्हाला किती वेळा सांगितलं? लॉगिनचं पान असं उघडं टाकून कोणी घरी जातं का? कोणीही येईल की आत!" मी खाली मान घालून म्हणायचो, "चुकलं साहेब, पुन्हा होनार न्हाय." कोपऱ्यात ज्यानं पान उघडं टाकलं तो लालेलाल व्हायचा आणि लगेच नीट करायचा. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण मी इतक्या चुका कबूल केल्यात की कुणी विचारलं तर मीच आमच्यातला सगळ्यात अनुभवी इंजिनियर. एकदा त्यांना दम लागला तर मी म्हटलं, "बसा, पानी प्या. राहिलेलं दुपारी बोला, मी हितंच हाय."

तीन वर्षांमागं माझी बायको गेली. आजारी नव्हती, काही नाही. भाकऱ्या झाल्या, तवा उतरवला, आणि बसली ती बसलीच. मी घरात पडून राहिलो. लेक सासरहून आली होती, तीही किती दिवस राहणार. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब दारात. सांत्वन नाही, काही नाही. उंबऱ्यातूनच ओरडायला लागले, "काका, हे काय चाललंय? गिऱ्हाइकाला एकाच वस्तूची पावती अकरा वेळा जातीय! तुमचं लक्ष कुठं असतं? अकरा वेळा!" लेक घाबरून बाहेर आली. मी पडल्या पडल्या म्हटलं, "चुकलं साहेब." ते म्हणाले, "पडून चुकलं म्हणायचं नसतं. उभं राहून म्हणायचं. चला." आणि मला हसू आलं. चौदा दिवसांत पहिलं. हसू आलं आणि त्याच्या मागनं सगळं आलं. साहेब भिंतीकडं तोंड करून तेलुगूत पुटपुटत उभे राहिले.

त्यांच्या स्कूटरवर बसून आलो. फळीसमोर आलो तर बाकी सगळे बिल्ले उजवीकडं आणि डावीकडं फक्त माझा सात नंबर आणि हिचा बारा. माझा हात सात नंबराकडं जाईना. साहेबांनी बघितलं. त्यांचा स्वतःचा बिल्ला नव्हता, मालकाला कुठला आलाय बिल्ला. त्यांनी बारा नंबर उचलला, उजवीकडं लावला आणि म्हणाले, "आजपासून हा माझा. मला बी हजेरी पाहिजे की. लोक म्हणतात मी कधीबी येतो, कधीबी जातो." त्या दिवसापासून तो बिल्ला रोज सकाळी त्यांच्या हातानं उजवीकडं जायचा. मॅनेजर म्हणून वाईटच. नोकराचा नंबर मालक लावतो का कुठं?

आता खंडेनवमीचं ऐका, म्हणजे ओळीची भानगड कळेल. मागवाल्यांची रीत अशी की खंडेनवमीला माग बंद. धुवायचे, पुसायचे, हळद-कुंकू वाहायचं, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. साहेब म्हणाले, आपली हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर, मोठा सर्व्हर आणि फोन. सगळे बंद. आमचा सर्व्हर म्हणजे कपाटाएवढा काळा डबा, गरम हवा सोडत बसलेला असतो. त्यावर पुण्याच्या पार्टीच्या गिऱ्हाइकाच्या दुकानांतली गाड्यांची नोंदणी चालायची. दसऱ्याला गाडी घरी न्यायची म्हणून आदल्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राची झुंबड, आणि आम्ही त्या डब्याला झेंडूची माळ घालून झोपवलेला. नवी कोरी चादर अंथरून पुढं लॅपटॉप मांडले. दुधनीची पोरगी म्हणाली, "सर, सर्व्हर तरी चालू ठेवू या." साहेब म्हणाले, "वर्षभर राबतोय बिचारा. एक दिवस त्याचा बी हाय की." फोन आवाज बंद करून फुलांत ठेवलेले. थोड्या वेळानं ते फुलांत थरथरायला लागले. एक नाही, सगळेच. झेंडू नाचतोय, कुंकू उडतंय. साहेबांनी हात जोडले. "बघा काका, प्रसन्न झाले."

प्रसन्न झालेली पार्टी दसऱ्याला दुपारी पुण्याहून मोटार घेऊन आली. पार्टी म्हणजे एक मॅडम, साहेबांहून वयानं निम्म्या, पायात बूट, तोंडावर आग. साहेबांनी आपट्याची पानं पुढं केली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मॅडम म्हणाल्या, "सर्व्हर कोणी बंद केला?" साहेब गडबडले, आणि सवयीनं माझ्याकडं वळून ओरडले, "काका! ऐन नवमीला सर्व्हर बंद करतात होय? अक्कल कुठं गेली होती?" मीही सवयीनं म्हटलं, "चुकलं साहेब, पुन्हा होनार न्हाय."

मॅडमना आमची रीत काय ठाऊक. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "सर्व्हर यांच्या ताब्यात असतो?" साहेबांच्या कपाळाला घाम. म्हणाले, "नाही नाही मॅडम, बंद मी केला. यांना मी नुसतं बोलतो."

"नुसतं बोलता म्हणजे?"

"म्हणजे... ते त्यांचं कामच आहे."

"काय काम आहे?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी साहेबांकडं. इतक्या वर्षांत हा सवाल आम्हाला कुणी घातला नव्हता. मॅडमनी पिशवीतून कागद काढले. प्रत्येकाचं नाव, पुढं एक मोकळी ओळ. म्हणाल्या, "कोण काय करतं ते एका ओळीत लिहून द्या. पंधरा दिवसांनी मी स्वतः येऊन नेईन. ज्याची ओळ रिकामी, तो माणूस आमच्या कामावर नको. नाहीतर काम दुसरीकडं देऊ." मॅडम वाईट नव्हत्या, खरं सांगतो. जाताना आपट्याची पानं घेऊन गेल्या. पण बोलल्या ते पक्कं होतं.

सगळ्यांच्या ओळी तासाभरात झाल्या. माझी होईना. मी जाऊन सांगितलं, "साहेब, म्हाताऱ्याला सोडा. पोरांच्या भाकरीवर माती नको." ते म्हणाले, "गप्प बसा. कामाच्या वेळेत बोलू नका." मी मनात म्हटलं, मी एरवी दुसरं काय करतो? पण भीती वाटत होती, लपवून काय उपयोग. शेड सुटला तर सकाळी उठून कुठं जायचं? भाकरी लेक देईल. सकाळ कोण देणार?

साहेब रोज नवी ओळ लिहायचे आणि मला ऐकवायचे. "मनोबल अधिकारी." मी म्हटलं, पोलिसात गेल्यासारखं वाटतंय. "चुकांचे प्रमुख." म्हटलं, हे तुमच्या नावाफुडं शोभंल. मग चार पानं लिहिली, त्यात माझ्या बायकोची शेंगाची चटणीसुद्धा आली. म्हणाले, "चार पानं झाली काका, एक ओळ होत न्हाय." मी विचारायचो, कधी होईल? "उद्या." साहेबांचं उद्या सबंध पुण्याला ठाऊक होतं. पंधरा दिवस संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम येणार होत्या.

त्या संध्याकाळी शटर ओढताना साहेब वाकलेले तसेच थांबले. "सापडली," म्हणाले.

"काय, चावी?"

"ओळ हो, ओळ! लिहून टेबलावर ठेवलीय."

"मग सांगा की."

"उद्या. सकाळी बिल्ले लागले की वाचून दाखवतो. आता लाथ घाला."

मी लाथ घातली. शटर खाली आलं. ते स्कूटरवर बसले आणि कोपऱ्यावर वळताना मागं न बघता हात वर केला. रोज करायचे तसाच.

पहाटे साहेब झोपेतच गेले. उजाडता उजाडता त्यांच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांचा मुलगा हैदराबादहून निघाला होता, तो आल्यावर दुपारी न्यायचं ठरलं. तिथं पायाशी बसलो होतो, आणि एकदम ध्यानात आलं की पोरं नेहमीसारखी शेडवर येणार, त्यांना कोण सांगणार? तसा उठलो. शटर एकट्याला उघडेना. सहा मीटरवाला पोरगा आला, त्यानं उजवीकडून उचललं, मी डावीकडून लाथ घातली. एकेक जण येत गेला, मी एकेकाला सांगत गेलो. ऐकून जो तो फळीपाशी जायचा, आपला बिल्ला उजवीकडं लावायचा आणि तिथंच उभा राहायचा. मॅडम आल्या, त्यांनाही सांगितलं. साहेबांच्या टेबलावरचा कागद मी त्यांच्या हातात दिला. मी वाचला नव्हता. वाचून दाखवतो म्हणाले होते. मॅडमनी उभ्या उभ्या वाचून दाखवला. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, "सगळे आल्याशिवाय दिवस सुरू होऊ देत नाहीत."

मॅडमनी कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली. "काका, चालेल ही ओळ," म्हणाल्या, आणि त्याही फळीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी दुधनीची पोरगी आली. आज "बंदे, बंदे" नाही. तिनं आपला बिल्ला लावला. आता डावीकडं एकटा बारा नंबर. सगळे त्याच्याकडं बघत होते आणि मग माझ्याकडं. दिवस वर आला होता, साहेबांकडं जायचं होतं, आणि कुणी हलेना. मी पुढं गेलो, बारा नंबर काढला आणि उजवीकडं माझ्या सात नंबरच्या शेजारी लावला.

मग ती दुधनीची पोरगी, नाक लाल, डोळ्याला ओढणी, मधोमध येऊन जोरात म्हणाली, "काका, तुम्हाला किती वेळा सांगितलं? दुसऱ्याचा बिल्ला लावतात होय?"

मी खाली मान घातली. "चुकलं," म्हटलं, "पुन्हा होनार न्हाय." आणि घंटा दिली.